अपेक्षांचा रकाना

धुळ्याहून आबांचा फोन आला तेव्हा मी जळगावात घरी बसून एका दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर डॉक्टरांच्या वेळा बदलत होते. आबा म्हणजे आमच्या समाजाचं वधू-वर सूचक मंडळ चालवणारे निवृत्त मुख्याध्यापक. माझ्या नात्यातले नाहीत, पण त्यांना सगळेच आबा म्हणतात. पूर्वी मंडळाचे फॉर्म कागदावर भरले जायचे. मग समाजातल्याच एका मुलानं वेबसाइट करून दिली आणि तो नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. तेव्हापासून ती वेबसाइट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर सांभाळण्यासारखं काही नसायचं. वर्षातून एकदा मेळाव्याची तारीख बदलायची, बस.

"बेटा, आज ऑफिसात एक जण सूची टेबलावर आपटून गेला," आबा म्हणाले.

मेळाव्याआधी मंडळ सगळ्या मुला-मुलींची माहिती एकत्र करून छापतं, ती सूची. हे गृहस्थ साक्रीहून आले होते. त्यांची मुलगी तिथल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. लग्नानंतरही नोकरी करायची आहे, असं तिनं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं म्हणे. तरी मंडळाकडून पत्ते मिळालेली जी स्थळं घरी येत होती, ती सगळी पहिल्याच भेटीत विचारत होती, नोकरी सोडणार ना? शेवटी बाप चिडून धुळ्याला आला.

"मी सूची उघडून पाहिली," आबा म्हणाले, "तर तिच्या नावापुढे अपेक्षांचा रकाना रिकामा. म्हटलं, तिनं लिहिलंच नसेल. मग पानं उलटली. सगळ्यांचाच रिकामा आहे गं. मला इतके दिवस वाटत होतं की हल्लीच्या मुलांना लिहायचा कंटाळा. वर मी मेळाव्यात भाषणही केलं, आपली ही पिढी समाधानी आहे म्हणून."

मला हसू आलं. ते हसत नव्हते, म्हणून मी ते दाबलं.

वेबसाइटवरचा एखादा रकाना पोहोचत नसेल, तर पहिलं काम म्हणजे आपणच फॉर्म भरून पाठवायचा आणि पलीकडे काय पोहोचतं ते बघायचं. मी दवाखान्याचं काम बाजूला ठेवलं आणि मंडळाचा फॉर्म उघडला. नाव लिहिलं, 'चाचणी'. वधू की वर? वधू. वय? काहीतरी आकडा टाकायचा म्हणून स्वतःचंच टाकलं, अडतीस. गाव जळगाव. मग आला वैवाहिक स्थितीचा रकाना. त्यात चार पर्याय होते. माझं बोट थोडं थांबलं आणि मी 'घटस्फोटित' निवडलं. तेही खरंच होतं. माझं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून मी आईकडे राहत होते, घरातच कॉम्प्युटरवर काम करत होते, आणि असा फॉर्म मी स्वतःसाठी कधी भरला नव्हता. आई दर मेळाव्याआधी विषय काढायची. मी म्हणायचे, आई, तो फॉर्म चालू ठेवायची जबाबदारी माझी आहे, भरायची नाही.

अपेक्षांच्या रकान्यात मी 'टेस्ट टेस्ट' लिहिलं आणि सबमिट केलं. आभाराचा संदेश आला, आपली माहिती मिळाली. पलीकडच्या यादीत पाहिलं तर नाव होतं, वय होतं, गाव होतं. अपेक्षा रिकामी.

मग एकेक टप्पा तपासत मागे गेले. यादीत तो रकाना आहे का? होता. पानावरून निघताना ब्राउझर काय काय घेऊन निघतो, ते बघता येतं. तिथे नाव, वय, उंची, शिक्षण, सगळं ओळीनं होतं. अपेक्षा मात्र निघालीच नव्हती. म्हणजे वाटेत हरवायचा प्रश्नच नव्हता. मग फॉर्मचा कोड उघडला आणि कारण दिसलं. वेबसाइटवरच्या प्रत्येक रकान्याला आतून एक नाव द्यावं लागतं. पानावर आपल्याला जे मोठ्या अक्षरात दिसतं ते नव्हे, कॉम्प्युटरला कळावं म्हणून दिलेलं आतलं नाव. ते नसेल तर ब्राउझर त्या रकान्यातला मजकूर पाठवतच नाही, आणि तक्रारही करत नाही. पुण्याला गेलेल्या त्या मुलानं हा रकाना बहुधा शेवटी, घाईत जोडला होता आणि आतलं नाव द्यायचं राहून गेलं होतं.

मी नाव दिलं. पुन्हा 'टेस्ट टेस्ट' पाठवलं. पोहोचलं. आबांना फोन करून सांगितलं, झालं आबा. ते म्हणाले, शाब्बास.

आठवड्याभरानं त्यांचा पुन्हा फोन. नवीन फॉर्म आले होते आणि अपेक्षा सगळ्यांच्या रिकाम्याच होत्या.

"असं होणार नाही, आबा. मी स्वतः पाठवून पाहिलंय."

"मग लोकांना खरंच काही अपेक्षा नसतील," ते म्हणाले. "पण साक्रीवाल्यांनी मुलीचा फॉर्म पुन्हा भरलाय. तोही रिकामाच आलाय. त्यांना हे सांगायला तू ये माझ्याबरोबर. मी एकटा जात नाही."

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळच्या बसनं धुळ्याला गेले. आबा स्टँडवर उभे होते, हातात सूची. साक्रीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा मला दिली. त्या दिवशी साक्रीचा बाजार असावा, कारण बस टोपल्यांनी भरली होती. आबांच्या पायाशी कोणाची तरी कोंबडी होती. ती अधूनमधून त्यांच्या धोतराला चोच मारायची आणि ते तिच्याकडे शाळेतल्या पोराकडे बघावं तसे बघायचे.

"तू कधी फॉर्म भरला नाहीस," ते अचानक म्हणाले.

"नाही."

"का?"

"आबा, मला माहीतच नाही अपेक्षांमध्ये काय लिहायचं ते."

त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. हे मला बरं वाटलं. एरवी माझ्या या उत्तरानंतर लोक तासभर बोलतात.

साक्रीतलं ते घर बाजारापासून फार लांब नव्हतं. वडील ओट्यावरच उभे होते. शेतकरी माणूस, उंच, आवाज खणखणीत. आम्ही चपला काढायच्या आत त्यांनी अहिराणीत सुरुवात केली.

"आम्ही बठ्ठं लिखेल व्हतं. दोन्ही येळेस लिखेल व्हतं. तुम्हले दिसनं नही का? तुम्हीच पोरले इचारा."

"विचारायलाच आलोय," आबा म्हणाले आणि सतरंजीवर बसले.

मुलगी आतून आली. लॅबमधून जेवायच्या सुट्टीत घरी आली होती. कपाळावर घाम होता, हातात फोन. पाणी देऊन तिची आई दाराच्या चौकटीशी उभी राहिली. मी मुलीला म्हटलं, "ताई, माझ्यासमोर परत एकदा भर. घाई करू नकोस."

ती माझ्या शेजारी बसली आणि फोनवर फॉर्म उघडला. नाव, वय, उंची भराभर भरलं. अपेक्षांपाशी आली आणि तिचा अंगठा मंदावला. बरंच लिहिलं तिनं. मधे एक ओळ खोडली, वडिलांकडे पाहिलं, पुन्हा लिहिली. मी मुद्दाम तिच्या स्क्रीनवरून नजर काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसले. तिनं सबमिट केलं. आबांनी स्वतःच्या फोनवर यादी उघडली.

"रिकामं," ते म्हणाले.

वडील काही बोलायच्या आत मी मुलीचा फोन हातात घेतला. फॉर्म तोच होता, पण पान मला ओळखीचं वाटेना. माझ्या लॅपटॉपवर अपेक्षांचा रकाना उजव्या बाजूला होता, इथे सगळ्यात खाली. म्हणजे त्या मुलानं मोठ्या पडद्यासाठी एक आणि फोनसाठी दुसरा, असे दोन रकाने केले होते. ज्या पडद्यावर जो नको तो लपवायचा. मी दुरुस्त केला होता तो मोठ्या पडद्यावरचा. आणि साक्री, शिरपूर, पाचोरा, कुठलंही गाव घ्या, लग्नाचा फॉर्म लॅपटॉपवर भरतो कोण?

मी तिथेच लॅपटॉप उघडला, मुलीच्या फोनचं इंटरनेट जोडून घेतलं, आणि खालच्या रकान्यालाही तेच आतलं नाव दिलं. वडील माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा राग थोडा उतरला होता, की कुतूहल वाढलं होतं, सांगता येणार नाही. मुलीनं पुन्हा सगळं लिहिलं. या वेळी तिनं काही खोडलं नाही.

आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचत राहिले. मग चष्म्यावरून मुलीकडे बघून म्हणाले, "आलं. मोठ्यानं वाचू का? तू म्हणशील तर."

तिनं एकदा आईकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

आबांनी शाळेत धडा वाचावा तसं स्पष्ट वाचलं. 'लॅबचं काम मला आवडतं आणि ते मी लग्नानंतरही करणार. स्वयंपाक येतो, पण रोज दोन्ही वेळेचा एकटीनं करायची तयारी नाही. आईला बरं नसलं तर मला साक्रीला येऊ द्यावं, परवानगी मागायला लावू नये. भांडण झालं तर चालेल. पण भांडण झाल्यावर नवऱ्यानं आठ-आठ दिवस बोलणं बंद करू नये.'

शेवटच्या वाक्यावर दारातली आई पदरात तोंड लपवून हसली. वडिलांनी ते पाहिलं. त्यांनी गमछ्यानं मान पुसली, पुन्हा पुसली आणि म्हणाले, "हाई तं माले बी माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं," आबा म्हणाले. "म्हणून तर आलो."

मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा होता. वडील आबांना आपल्या शेतातली ज्वारी कशी आली ते सांगत होते, आणि मधेच एकदा त्यांनी बायकोला विचारलं, तू जेवली का. तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

जळगावला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवरून सहज एक फॉर्म पाठवून पाहिला. अपेक्षा रिकामी. मी डोक्याला हात लावला. कालपर्यंत लॅपटॉपवरून पोहोचत होती आणि फोनवरून नाही. आता फोनवरून पोहोचत होती आणि लॅपटॉपवरून नाही.

कारण कळायला दुपार गेली. मी दोन्ही रकान्यांना एकच नाव दिलं होतं. लपवलेला रकाना डोळ्यांना दिसत नाही, पण पाठवायच्या वेळी तोही निघतो. एकाच नावाचे दोन आले की पलीकडे नंतरचा ठेवला जातो. नंतरचा होता फोनचा. लॅपटॉपवर भरणाऱ्यानं तो पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तो रिकामा, आणि तो रिकामेपणा आधीच्या भरलेल्या मजकुरावर जाऊन बसायचा. एक रकाना काढून टाकला. उरलेला एकच अशा जागी ठेवला की दोन्हीकडे दिसेल. मग लॅपटॉपवरून, माझ्या फोनवरून, आईच्या जुन्या फोनवरून फॉर्म पाठवत बसले.

प्रत्येक वेळी काहीतरी लिहावं लागतंच. 'टेस्ट टेस्ट' लिहून कंटाळा आला होता. शिवाय मजकूर लांब असला तरी पूर्ण पोहोचतो का, मात्रा-वेलांट्या नीट येतात का, हेही बघायचं होतं. म्हणून मी खरी वाक्यं लिहायला लागले. साक्रीच्या मुलीचं लिहिणं डोक्यात होतं. पहिल्यांदा लिहिलं, 'घरात कोणीतरी असावं.' मग पुढच्या फॉर्ममध्ये, 'माझं काम घरी बसून चालतं म्हणजे मी मोकळी आहे, असं त्याला वाटू नये.' आणि मग आणखी एक, लांबलचक. 'पहिल्या लग्नाबद्दल त्यानं एकदा नीट विचारावं आणि मी सांगेन ते ऐकून घ्यावं. नंतर तो विषय मी काढला तरच निघावा. चहा त्याला करता यावा. माझी आई माझ्याबरोबर राहील.' सगळं पोहोचलं. एकही वेलांटी हरवली नाही. मी यादीतल्या 'चाचणी' नावाच्या नोंदी पुसून टाकल्या आणि आईला म्हटलं, झालं काम, भरीत करतेस का.

जुन्या फॉर्ममधला अपेक्षांचा मजकूर मात्र गेला तो गेलाच. आबांना वाटत होतं की तो कुठेतरी अडकून पडला असेल, मी शोधून काढीन. मी समजावलं की तो कधी निघालाच नव्हता, शोधायला काही नाहीच. पलीकडे सूचीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे सगळ्यांना परत विचारावं लागेल."

"मेसेज टाकूया ना, आबा. पुन्हा भरा म्हणून."

"नाही. ज्याचं ऐकलं नाही त्याला मेसेज टाकायचा नसतो. मी फोन करतो."

आणि त्यांनी खरोखरच केले. सकाळी पूजा झाली की सूची घेऊन बसायचे. दिवसाअखेर मला फोन करून सांगायचे आणि मी ते यादीत भरायचे. एका मुलाच्या आईनंच भराभर अपेक्षा सांगायला सुरुवात केली, गोरी, घरकामात हुशार, तर आबा म्हणाले, "अक्का, तुमच्या अपेक्षा वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो. आता मुलाला फोन द्या." त्या मुलाची अपेक्षा एवढीच निघाली की मुलीनं त्याला होकार स्वतः द्यावा, तिच्या मामानं नव्हे.

रावेरकडचा एक केळी-बागायतदार मुलगा होता. त्यानं आधी सांगायलाच नकार दिला. म्हणाला, शेती करणाऱ्याला मुली बघत नाहीत, मी कसली अपेक्षा ठेवू. आबांनी फोन ठेवला नाही. मग तो म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर म्हणावं. पण एकदा येऊन बाग बघावी आणि मग म्हणावं." आबांनी मला हे शब्दशः लिहायला लावलं. पुढे सूची छापून आल्यावर दोन घरची माणसं मुलींना घेऊन त्याची बाग बघायला गेली. एकीनं तिथेच, घडांना हात लावून बघत, नाही म्हटलं. दुसरी महिन्याभरानं पुन्हा गेली. या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं.

साक्रीच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही. पण ती चिडलेली नाही. तिचा मला कधीकधी फोन येतो. "ताई, आता येणारे वाचून येतात," ती म्हणाली. "परवा एकानं विचारलं, लॅबची वेळ काय असते, मी घ्यायला येऊ शकेन का. आईनं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला." तो मुलगा तिला बरा वाटतोय, इतकंच तिनं सांगितलं.

नवी सूची छापायला जायच्या आधी आबांनी मला फोन केला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"यादीत एक नोंद आहे. नाव लिहिलंय 'चाचणी'. जळगाव. वय अडतीस."

मी सगळ्या पुसल्या होत्या, पण आईच्या फोनवरून पाठवलेली राहून गेली होती. तीच, लांबलचक.

"आबा, ती तपासायला पाठवली होती. पुसा."

"पुसतो," ते म्हणाले. "बसमध्ये तू म्हणाली होतीस, काय लिहायचं माहीत नाही. हे तर बरंच माहीत आहे."

आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. तिला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण तिनं गॅस बारीक केला.

"मी तुला हो म्हण असं सांगत नाही," आबा म्हणाले. "पुसू की ठेवू, एवढंच सांग. छपाईवाला उद्या येतोय."

"नाव बदलावं लागेल," मी म्हटलं.

"ते मी बदलतो."

सूची निघाली. सुरुवातीला काही झालं नाही. मग दोन फोन आले. एकानं आईबद्दल ऐकून विषय गुंडाळला, दुसऱ्यानं काही वाचलंच नव्हतं. मला वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. पावसाळा संपता संपता भुसावळहून एक फोन आला. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी, बायको काही वर्षांपूर्वी आजारानं गेलेली, मूल नाही. त्यानं आधी माफी मागितली की सूची वाचून थेट फोन करतोय. मग म्हणाला, "तुम्ही लिहिलंय, एकदा नीट विचारावं. ते फोनवर विचारायचं नाही, असं मला वाटतं. मी रविवारी जळगावला येऊ का?"

तो आला. आम्ही काव्यरत्नावली चौकाजवळ एका हॉटेलात बसलो. त्यानं विचारलं आणि मी सांगितलं. मधे कॉफी गार झाली, त्यानं वेटरला दुसरी आणायला खुणेनं सांगितलं, पण माझं बोलणं तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यानं त्याच्या बायकोबद्दल सांगितलं. तेव्हा मी ऐकलं. निघताना त्यानं एकच प्रश्न विचारला, आई गोड खातात का, त्यांना डायबेटीस वगैरे नाही ना?

त्यानंतर आम्ही अनेकदा भेटलो आहोत. काही ठरवलेलं नाही. त्याला चहा करता येतो, पण साखर फार घालतो, हे मी त्याला सांगितलं आहे आणि तो सुधारतो आहे. आबा फोन करतात तेव्हा वेबसाइटबद्दलच बोलतात. दुसरं काही विचारत नाहीत, फक्त फोन ठेवायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लावतात. उद्या, रविवारी, तो पहिल्यांदा घरी जेवायला येणार आहे. आईनं आज सकाळीच मला बाजारात पाठवलं, भरताची वांगी बघून आण म्हणाली, मोठी आणि हिरवी. मी वांगी निवडत असताना भाजीवाल्यानं विचारलं, पाहुणे येणार का. मी हो म्हटलं.